भंगाराचे दुकान आणि पोलिसांची झडती

कोकणातली कितीतरी घरे गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. एरवी दाराला कुलूप. रत्नागिरी परिसरातल्या अशा बंद घरातून पितळी समई किंवा तांब्याचा हंडा गेला, की तो भंगारात पोचण्याची भीती असते. भट्टीत वितळल्यावर समई ओळखायची कशी? म्हणून पोलिसांची नजर आधी भंगारवाल्याकडे वळते. पण त्याच्या दुकानात शिरण्याचा त्यांना अधिकार किती?

अधिकार आहे, पण सरसकट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, चोरीचा माल असल्याची खबर मिळाल्यास दंडाधिकारी झडतीचे वॉरंट देऊ शकतात. विलंबाने काम बिघडणार असेल, तर तपास अधिकाऱ्याला वॉरंटाविना झडती घेता येते. मात्र कारणे आणि शोधायची वस्तू आधी लिहून ठेवावी लागते. झडतीला परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, चित्रीकरण हवे आणि जप्त मालाच्या यादीची प्रत दुकानदाराला मिळायला हवी. ती मागून घेणे हा त्याचा हक्क आहे.

दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२४ नुसार, चोरीचा वाटावा असा माल जवळ सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर शिक्षा होऊ शकते. प्रामाणिक दुकानदाराची धास्ती नेमकी हीच.

या धास्तीचा विचार कायद्याने फार पूर्वी केला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातच दुकानदाराचे उदाहरण होते: गल्ल्यात चोरीचा, खूण केलेला रुपया सापडला, तो कोणी दिला हे त्याला सांगता येत नाही, पण धंद्यात रुपये सतत येतच असतात. न्यायालयाने हे ध्यानात घ्यावे, असे तो कायदा सांगत असे.

समई मात्र रुपयासारखी हातोहात फिरत नाही. ती कोणी आणली, कधी, वजन किती, हे वहीत लिहिता येते. चोरीची निघाली तर मूळ मालकाकडे जाईल, दिलेले पैसे बुडतील. पण चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचा आरोप ती वही खोडून काढू शकेल. पोलिसाने कारण लिहावे, दुकानदाराने खरेदी लिहावी. बंद घराच्या मालकाला आपली समई परत मिळण्याची आशाही या दोन नोंदींवरच आहे.