इंजिन वजा सायकल

पेट्रोल संपलं तरी लुना अडून बसत नसे. स्वार पायडल मारत घरी यायचा. जड जायची, पण यायची. नगरच्या फिरोदिया घराण्यातल्या हस्तीमल फिरोदियांनी 1972 साली इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या ‘चाओ’वरून ही 50 सीसीची मोपेड आणली आणि ती नगरच्या कारखान्यात घडली. पायडलवाल्या गाडीला इंजिन, असा तो हिशेब.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातली पोरं नेमका उलटा उद्योग करत होती. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या शर्यतींची मोटारसायकल हवी, पण ना वय ना पैसे. मग इंजिन वगळून बाकीचा थाट त्यांनी सायकलवर चढवला. हाताशी होती श्विन कंपनीची स्टिंग-रे: अल फ्रिट्झ यांनी 1963 मध्ये आणलेली, 20 इंची चाकांची. 1970 मध्ये स्कॉट ब्राइटहाउप्ट या शाळकरी मुलाने लाँग बीचला मातीत शर्यती भरवल्या. ‘बायसिकल मोटोक्रॉस’चं बीएमएक्स झालं.

सगळी गंमत त्या बुटक्या चाकात आहे. रिम-टायरची जाडी तीच ठेवली, तर चाकाचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवताना होणारा विरोध, त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे आपल्या काळ्या सायकलच्या 28 इंची चाकाच्या तुलनेत 20 इंचीचं जेमतेम 36 टक्के! म्हणून हवेत असताना हँडल गर्रकन फिरवता येतं. शिवाय तारा आखूड, म्हणून चाक दणकट. तरी उड्या मारून पोरं चाकं वाकवायचीच. रोज कोण तारा आवळून चाकाचा आऊट काढत बसणार? स्किप हेस यांनी ताराच काढून टाकल्या आणि ‘मोटोमॅग’ हे ओतीव चाक आणलं; मोंगूज कंपनी त्यातूनच उभी राहिली.

बॉब हॅरो यांनी शर्यतीपेक्षा कसरतींना महत्त्व दिलं. ‘ई.टी.’ चित्रपटात सायकलवरची कामगिरी करणाऱ्यांत तेही होते. कसरतींत अडचण एकच, हँडल पूर्ण फिरवलं की ब्रेकची केबल गुंडाळायची. ब्रायन स्कुरा यांच्या ‘गायरो’ने केबलच्या वाटेत फिरती कडी बसवली आणि ती गाठ सुटली. शर्यत 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकला पोचली, कसरती टोकियोला.

आता मात्र कित्येक खेळाडू ब्रेकच काढून टाकतात आणि बुटाचा तळ टायरला घासून थांबतात. चप्पल झिजवत उतारावर सायकल आवरणाऱ्या आपल्या पोरांना यात नवल वाटायचं नाही.