बारावीचा इंग्रजी पेपर : ८० गुणांचा हिशेब

अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, म्हणजेच अमरावती विभागीय मंडळातल्या बारावीच्या पोरापोरींनो, इंग्रजीची धास्ती सोडा. लेखी पेपर ८० गुणांचा, तोंडी परीक्षा २० गुणांची.

'युवकभारती'चे चार विभाग असे :
📌 गद्य : ३४
📌 पद्य : १४
📌 लेखन कौशल्य : १६
📌 कादंबरी : १६

गद्यात उताऱ्यांसोबत व्याकरण आणि सारांशलेखन येतं. उताऱ्याची उत्तरं बहुतेक उताऱ्यातच असतात, म्हणून आधी प्रश्न वाचा, मग उतारा.

कादंबरी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ज्यूल व्हर्न, कॉनन डॉयल आणि ब्रेथवेट यांच्या उताऱ्यांतली पात्रं, प्रसंग आणि स्थळं यांची एकेका पानाची टिपणं काढा.

कवितेचं रसग्रहण ४ गुणांचं. आशय, अलंकार, यमक आणि स्वतःचं मत अशा क्रमाने लिहा. दिलीप चित्रे यांच्या कवितेतला लोकलने घरी परतणारा बाप समजायला शब्दकोश फारसा लागत नाही.

पुस्तक नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते. रोज एक लेखनप्रश्न हाताने लिहा, घड्याळ लावून. तीन तासांत पेपर पुरा करण्याची सवय लिहूनच लागते. आजच सुरुवात करा!