कॅडेट ते कप्तान : व्यापारी जहाजावरील अधिकाऱ्यांचे शिक्षण

भारताच्या परदेश व्यापारापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे येतो व जातो. खनिज तेल, कोळसा, खते, धान्य, यंत्रसामग्री अशा असंख्य वस्तूंचा यात समावेश होतो. बंदरातील धक्के, क्रेन आणि गोदामे लोकांच्या नजरेस पडतात; परंतु हा माल हजारो मैलांच्या प्रवासातून सुखरूप आणणारे अधिकारी मात्र सामान्य नागरिकाला फारसे परिचित नसतात. जहाजाचा मार्ग आखणे, ते त्या मार्गावर ठेवणे, माल योग्य रीतीने भरणे आणि जहाजावरील माणसांचे रक्षण करणे ही कामे ‘डेक अधिकारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गाकडे असतात. या अधिकाऱ्यांचे शिक्षण कसे होते, त्याला एवढा काळ का लागतो आणि या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी कोणती दक्षता घ्यावी, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

डफरिनपासून चाणक्यपर्यंत

कोकणच्या माणसाला समुद्र नवा नाही. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील कित्येक घरांतील कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात असत. दोर ओढणे, डेक धुणे, सुकाणू धरणे ही कामे त्यांनी निष्ठेने केली. तथापि, ब्रिजवर उभे राहून जहाजाची दिशा ठरवणारे अधिकारी प्रामुख्याने युरोपियन असत. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले आणि भारतीय मालकीच्या आधुनिक नौकानयनाचा प्रारंभ झाला. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजे आपली झाली, तरी ती चालवणारे अधिकारी आपल्या देशात घडवण्याची सोय त्या वेळी नव्हती.

ही उणीव भरून काढण्याची मागणी विधिमंडळात व बाहेरही होत राहिली. अखेर डिसेंबर १९२७ मध्ये ‘डफरिन’ हे जुने सैनिकवाहू जहाज मुंबईत माझगावसमोर नांगरून त्यावर भारतीय मुलांसाठी प्रशिक्षण सुरू करण्यात आले. पहिल्या तुकडीतील आर. डी. कटारी हे पुढे १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर उच्च प्रमाणपत्रांच्या अभ्यासासाठी १९४८ मध्ये मुंबईत स्वतंत्र महाविद्यालय निघाले. तेच पुढे लालबहादूर शास्त्री यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४९ मध्ये नौवहन महासंचालनालयाची स्थापना झाली. १९७२ मध्ये डफरिनची जागा ‘राजेंद्र’ या जहाजाने घेतली आणि १९९३ मध्ये हे शिक्षण नवी मुंबईतील ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरील संस्थेत आले. २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाल्यावर या शासकीय संस्था त्या विद्यापीठाच्या कक्षेत आल्या. ज्या किनाऱ्याने जगाला खलाशी पुरवले, त्याच किनाऱ्यावर कप्तान घडवण्याची व्यवस्था उभी राहिली, हे या वाटचालीचे मुख्य फलित होय.

प्रमाणपत्राची आवश्यकता

पूर्वी प्रत्येक देश आपापल्या नियमांनुसार अधिकाऱ्यांना प्रमाणपत्रे देत असे. त्यामुळे एका देशाचा कप्तान जेवढा शिकलेला, तेवढाच दुसऱ्या देशाचा असेल याची खात्री नव्हती. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या खडकांवर आदळले. भरतीची वेळ साधण्यासाठी जवळचा मार्ग पत्करण्यात आला होता. सुमारे १ लाख १९ हजार टन खनिज तेल वाहून नेणाऱ्या या जहाजाच्या अपघाताने ब्रिटन व फ्रान्सचे किनारे काळवंडले. ब्रिजवरील एका निर्णयाची किंमत दोन देशांना मोजावी लागली.

अशा अनुभवांतून ७ जुलै १९७८ रोजी नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि जहाजावरील पहारा यांची किमान पातळी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एस. टी. सी. डब्ल्यू.’ या नावाने परिचित आहे. २८ एप्रिल १९८४ पासून तो अमलात आला. १९९५ मध्ये व २०१० मध्ये त्यात मोठ्या सुधारणा करण्यात आल्या. भारतीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र परदेशी जहाजावर मान्य होते, ते या कराराच्या आधारे.

हा प्रश्न दूरच्या किनाऱ्यांपुरता नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या मुखाशी ‘एम. एस. सी. चित्रा’ व ‘खलिजिया–३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. तेल समुद्रात पसरले, कंटेनर पाण्यात पडले, बंदरातील वाहतूक काही दिवस थांबवावी लागली आणि मुंबई-रायगड किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या जाळ्यांना व कांदळवनांना त्याची झळ पोहोचली. डेक अधिकाऱ्याच्या शिक्षणाशी किनाऱ्यावरील कोळ्याच्या चुलीचाही संबंध असतो, तो असा.

शिक्षणाचे टप्पे

डेक अधिकारी होण्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांसह बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. इंग्रजीतही ठरावीक गुण आवश्यक असतात, कारण जहाजावरील व्यवहार त्याच भाषेत चालतो. भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन उमेदवार नौविज्ञानाच्या तीन वर्षांच्या बी. एस्सी. पदवीस किंवा एक वर्षाच्या पदविकेस प्रवेश घेऊ शकतो. वैद्यकीय तपासणी कडक असते. रंगांध व्यक्तीला डेक विभागात प्रवेश मिळत नाही, कारण रात्रीच्या समुद्रावर तांबडा व हिरवा दिवा ओळखण्यावरच जहाजाची सुरक्षितता अवलंबून असते.

वर्गातील शिक्षणाबरोबर पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षितता यांचे अभ्यासक्रम प्रत्येकास पूर्ण करावे लागतात. त्यानंतर उमेदवार ‘कॅडेट’ म्हणून जहाजावर जातो. पदवीधरास सामान्यतः १२ महिने, तर पदविकाधारकास १८ महिने प्रत्यक्ष समुद्रावर काढावे लागतात. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद एका पुस्तिकेत होते व तीवर जहाजावरील अधिकारी स्वाक्षरी करतात. या काळात किमान सहा महिने अनुभवी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवर पहारा देणे बंधनकारक आहे.

हा सागरी काळ पूर्ण झाल्यावरच ‘सेकंड मेट’ या पहिल्या प्रमाणपत्राची लेखी व तोंडी परीक्षा देता येते. तोंडी परीक्षेत परीक्षक हा स्वतः अनुभवी कप्तान असतो. पुढ्यात लहान नमुना जहाजे ठेवून ‘समोर असे दिवे दिसले, आपण काय कराल?’ असे तो विचारतो. येथे पाठांतर पुरत नाही. पुढे पहाऱ्याच्या जबाबदारीवर आणखी सेवा करून ‘फर्स्ट मेट’ आणि त्यानंतर ‘मास्टर’ ही प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. प्रमाणपत्र एकदा मिळाले म्हणजे जन्मभर पुरले, असेही नाही. दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण आवश्यक असते.

ब्रिजवरील विद्या

या शिक्षणाचा गाभा म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरे होत: जहाज कोठे आहे, ते कोठे चालले आहे आणि वाटेत काय आहे? आज उपग्रहांच्या साहाय्याने जहाजाचे स्थान क्षणार्धात कळते आणि कागदी नकाशांची जागा बव्हंशी इलेक्ट्रॉनिक नकाशांनी घेतली आहे. तरीही कॅडेटला सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे उपकरण हाताळावे लागते. माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढता येतो. रेखांशासाठी अचूक घड्याळ लागते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून विषुववृत्तावर घड्याळातील अवघ्या चार सेकंदांच्या चुकीने स्थान एका सागरी मैलाने, म्हणजे १,८५२ मीटरने चुकते. उपग्रहांचे संकेत बंद पडू शकतात किंवा मुद्दाम बिघडवलेही जाऊ शकतात. अशा वेळी सूर्य, तारे आणि होकायंत्र यांचाच आधार उरतो.

दुसरा महत्त्वाचा विषय म्हणजे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. १९७२ मध्ये ठरलेले हे नियम १९७७ पासून अमलात आहेत. जहाजाच्या उजव्या बाजूस हिरवा आणि डाव्या बाजूस तांबडा दिवा असतो. दोन यांत्रिक जहाजे समोरासमोर आली, तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यावी, असा दंडक आहे. नियम सोपे वाटतात. वेळ मात्र थोडा असतो. मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरील पांढरा दिवा निदान सहा सागरी मैलांवरून दिसावा लागतो. ताशी १५ सागरी मैल वेगाची दोन जहाजे समोरासमोर येत असतील, तर हे सहा मैलांचे अंतर केवळ १२ मिनिटांत संपते. तेवढ्यात दिवा पाहणे, त्याचा अर्थ लावणे, रडारवर पडताळणे आणि जहाज वळवणे हे सर्व व्हावे लागते. भरलेले मोठे जहाज मोटारीसारखे जागच्या जागी थांबत नाही. त्याला थांबण्यास कित्येकदा काही किलोमीटर लागतात.

तिसरा विषय जहाजाच्या समतोलाचा आहे. जड माल वर आणि हलका खाली भरला, तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जहाज लाटेबरोबर कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची त्याची शक्ती कमी होते. नदीच्या गोड्या पाण्यात जहाज खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक बुडते, हेही माल भरताना हिशेबात धरावे लागते. ही गणिते मुख्य अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येतात. मार्गाची आखणी व नकाशे सेकंड ऑफिसर पाहतो, तर जीवरक्षक नौका व अग्निशमन साहित्य सामान्यतः थर्ड ऑफिसरकडे असते. याखेरीज प्रत्येकाचा ब्रिजवरील पहारा बहुतेक जहाजांवर चार तास काम व आठ तास सुटी या क्रमाने चालतो. थकलेला अधिकारी धोक्याचा असतो, हे जाणून २४ तासांत किमान १० तासांची विश्रांती नियमानेच ठरवून देण्यात आली आहे.

प्रवेशापूर्वी घ्यावयाची दक्षता

महाराष्ट्रात नवी मुंबई, तळेगाव, लोणावळा, कर्जत इत्यादी ठिकाणी शासकीय व खासगी सागरी शिक्षणसंस्था आहेत. शिक्षणाचा खर्च मोठा असतो आणि त्यासाठी कित्येक कुटुंबे कर्ज काढतात. म्हणूनच एक गोष्ट आधी समजून घेणे अगत्याचे आहे. संस्थेतील परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे अधिकारी होणे नव्हे. कॅडेट म्हणून जहाजावर जागा मिळाली नाही, तर सागरी काळ भरत नाही; सागरी काळ भरला नाही, तर सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येत नाही. वर्गातून बाहेर पडलेला विद्यार्थी याच पायरीवर अडकण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. प्रवेश घेताना ‘जहाजावरील प्रशिक्षण कोणती कंपनी देणार?’ हा प्रश्न पालकांनी स्पष्टपणे विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

या अडचणीचा फायदा घेणारे दलाल गावोगावी फिरतात. पैसे भरा, थेट जहाजावर पाठवतो, अशी आश्वासने दिली जातात. संस्था व तिचा अभ्यासक्रम नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेला आहे किंवा नाही आणि नोकरीवर पाठवणाऱ्या कंपनीकडे भरतीचा परवाना आहे किंवा नाही, याची खात्री महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील याद्यांवरून करता येते. नोकरी मिळवून देण्याबद्दल नाविकाकडून शुल्क घेण्यास सागरी कामगारविषयक आंतरराष्ट्रीय करारानेही मनाई केली आहे. भारताने या कराराला २०१५ मध्ये मान्यता दिली. भरतीसाठी पैसे मागितले जाणे, हीच सावध होण्याची पहिली खूण समजावी.

मुलींनाही हे क्षेत्र आता खुले आहे. रेडिओ अधिकारी म्हणून सेवेस प्रारंभ केलेल्या राधिका मेनन २०१२ मध्ये भारतीय व्यापारी जहाजांवरील पहिल्या महिला कप्तान झाल्या. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रात त्यांच्या जहाजाने ‘दुर्गम्मा’ या बोटीवरील सात मच्छीमारांचे प्राण वाचवले. या शौर्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा पुरस्कार २०१६ मध्ये त्यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

कॅडेटपासून कप्तानपदापर्यंतचा प्रवास अनेक वर्षांचा असतो आणि त्यातील एकही पायरी गाळता येत नाही. या दीर्घ शिक्षणामागचे कारण साधे आहे. मध्यरात्री ब्रिजवर पहारा देणाऱ्या तरुण अधिकाऱ्याच्या भरवशावर बाकीचे सहकारी निर्धास्त झोपलेले असतात. त्यांचा तो विश्वास सार्थ ठरवण्याची पात्रता अंगी आणणे, हेच या सर्व अभ्यासक्रमांचे, परीक्षांचे आणि प्रमाणपत्रांचे प्रयोजन आहे. किनाऱ्यावरील तालुक्यांतील शाळा व महाविद्यालयांनी बारावीपूर्वीच विद्यार्थ्यांना या मार्गाची नीट माहिती दिली, तर खलाशांच्या घरांतून अधिकारी निर्माण होण्यास निश्चितच साहाय्य होईल.