लेकीच्या ताटाकडे लक्ष आहे ना?

सुगीच्या धांदलीत घरात कोण किती जेवले, हे पाहायला सवड नसते. तरीही वयात आलेल्या मुलीच्या ताटाकडे जरूर लक्ष ठेवा. रोज नवा उपवास, 'मी मघाशीच जेवले' हे ठरलेले उत्तर, जेवण होताच मोरीत जाऊन ओकणे, हाडे दिसत असतानाही 'मी जाड झाले' म्हणणे, ही खाण्याच्या विकाराची लक्षणे असू शकतात. पुढे पाळी थांबते, केस गळतात, सारखी थंडी वाजते. वारंवार ओकल्याने दात झिजतात, रक्तातील क्षार घटून हृदयाचे ठोके बिघडतात आणि जिवावरही बेतते. हा विकार मुलग्यांनाही होतो.

हे नखरे नव्हेत आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा आजार आहे. रागावून घास कोंबू नका, अंगकाठीवरून टोमणे मारू नका. जवळ बसवून जेवा, मायेने विचारा. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मुलगी चक्कर येऊन पडली, तर मात्र क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.