घर चौघांचं, रजिस्ट्री एकट्याने केली. आता पुढे काय?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

दारव्हा तालुक्यातून एका ताईचा व्हॉइस मेसेज आला होता. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधलं आणि मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन भाऊ आणि ही. मोठ्या भावाने कुणालाच न विचारता अख्ख्या घराची रजिस्ट्री बाहेरच्या माणसाला करून दिली. घेणारा म्हणतो, महिनाभरात घर खाली करा. आई अजून तिथेच राहते. ताई विचारते, "दादा, आईला खरंच निघावं लागेल का?"

मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. म्हणून कायद्यात जे स्पष्ट लिहिलंय तेवढंच सांगतो. थोडक्यात उत्तर: नाही. फक्त या रजिस्ट्रीच्या जोरावर आईला कुणी बाहेर काढू शकत नाही.

भावाने नेमकं विकलं काय?

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे इथे आई, दोन मुलं आणि मुलगी यांचा प्रत्येकी १/४ हिस्सा. मुलीचं लग्न झालंय की नाही, याने फरक पडत नाही. आता जे आपलं नाही ते आपण विकू शकत नाही. खरेदीखतात 'संपूर्ण घर' लिहिलं असलं, तरी घेणाऱ्याकडे गेला तो भावाचा १/४ हिस्सा. बाकीचा ३/४ जागच्या जागीच आहे.

"पण घरटॅक्सच्या पावतीवर दादाचंच नाव आहे ना?" असू द्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगर परिषदेची कर पावती म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन. नाव वर दिसतं, म्हणून ग्रुप त्याच्या मालकीचा होत नाही.

मग घेणारा १/४ हिश्श्यात राहायला येईल?

लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हीच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४४ सांगतं की सहमालक आपला हिस्सा विकू शकतो. पण अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर त्याला कुटुंबासोबत एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा करावा. कुलूप तोडून एका खोलीत सामान टाकायचं नाही.

यावर मुंबईच्या एका पारशी कुटुंबाची केस प्रसिद्ध आहे: दोराब कावसजी वॉर्डन विरुद्ध कूमी सोराब वॉर्डन, सुप्रीम कोर्ट, १९९०. घर दोन भावांचं. एक भाऊ वारला आणि त्याच्या पत्नीने व मुलांनी अर्धा अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकला. दुसरा भाऊ कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, हायकोर्टाने तो उठवला, सुप्रीम कोर्टाने पुन्हा कायम केला. कारण साधं होतं: परका माणूस एकदा घरात राहू लागला, की कलम ४४ चं संरक्षण कागदावरच उरतं. ही केस पारशी कुटुंबाची होती हेही लक्षात घ्या, म्हणजे हे कलम फक्त हिंदूंसाठी नाही.

हिस्सा परत घेता येतो का?

दोन रस्ते आहेत. घेणाऱ्याने वाटपाचा दावा केला, तर वाटप कायदा, १८९३ च्या कलम ४ खाली कुटुंबातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत मागू शकतो. दुसरं, वारसा कायद्याचं कलम २२: वर्ग १ च्या वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकी वारसांचा.

या आठवड्यात काय करायचं?

१. दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित नक्कल काढा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मोबाईलवरूनही शोध घेता येतो.

२. आखीव पत्रिका किंवा नमुना ८, वडिलांचा मृत्यू दाखला, आई तिथेच राहते याचे पुरावे (लाईट बिल, रेशन कार्ड) एका फाईलमध्ये ठेवा.

३. फेरफारासाठी अर्ज आला असेल, तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

४. वकिलामार्फत दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज. महाराष्ट्रात दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवायची असते. ती नोंदवली, की पुढे कुणीही ते घर घेतलं तरी कोर्टाचा निकाल त्याला बांधील राहतो. हे काम विसरू नका.

उशीर करू नका. काही मागण्यांना माहिती झाल्यापासून ३ वर्षांचीच मुदत असते. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध कुटुंबं भरपूर आहेत. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी बघितली जाते. मुस्लिम कुटुंबातले हिस्सेही वेगळे असतात. त्यामुळे वर सांगितलेला १/४ चा हिशोब डोळे झाकून लावू नका.

आणि ताई लोकहो, "नुसती सही कर, बाकी मी बघतो" असं म्हणून पुढे केलेला कागद आधी वाचा. हक्कसोड पत्रावर सही करून ते नोंदवलं, की वर सांगितलेलं बहुतेक काही कामाला येत नाही.

प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, कागदांचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!