चिलमीला विस्तव कोणता?

चिलीम भरायला फार अक्कल लागत नाही, पेटवायला लागते. तंबाखू चुरून घातली, आतला खडा नीट बसवला, छापी भिजवून गुंडाळली, तरी वर ठेवलेला विस्तव चुकीचा असेल तर दोन झुरक्यांत चिलीम कडू तरी लागते, नाहीतर विझून तरी जाते. पाइपचंही तेच. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात विडीने चिलमीला केव्हाच मागे टाकलं, तरी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात ती अजून दिसते. आणि माहुली किंवा माळशेजकडे फिरायला येणाऱ्या एखाद्या शहरी माणसाच्या खिशात पाइप असतो. दोघांपुढचा प्रश्न एकच: पेटवायचं कशाने?

लायटर घेताना गिऱ्हाईक बहुधा ज्योत किती मोठी येते ते बघतं. बघायला हवं ते वेगळंच. ज्योत कुठल्या दिशेला जाते आणि तिथे किती वेळ शांत टिकते, यावर सगळं अवलंबून असतं.

आत काय घडतं

चिलीम म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली मातीची नळी. खडा तंबाखूला अडवतो, पण धुराला बाजूने वाट ठेवतो. खालच्या टोकाला गुंडाळलेली ओली छापी बारीक राख आणि ठिणग्या तोंडात येऊ देत नाही, शिवाय मूठ आणि नळी यांच्यामधली फट बुजवते. झुरका घेतला की हवा वरून आत शिरते आणि विस्तवाची धग घेऊन खाली उतरते. वरचा थर ज्योतीविना, निखाऱ्यासारखा जळतो. त्याखालची तंबाखू सुकते, भाजली जाते आणि चवीचा धूर तिथून निघतो. धग जास्त झाली तर पानातली साखर करपते आणि घसा खवखवतो. कमी पडली तर पानातला ओलावा विस्तवाला गिळून टाकतो.

पाइपच्या वाटीतही हेच चालतं, पण एक अडचण वाढते. चिलीम जवळपास उभी धरतात, त्यामुळे निखारा वर नुसता ठेवला तरी भागतं. पाइपची वाटी तोंडापासून लांब, दांडीच्या टोकाला असते. तिच्यात विस्तव वरून खाली न्यायचा असतो, आणि ज्योतीचा स्वभाव तर वर जायचा. पाइपच्या लायटरची सारी कारागिरी या एका अडचणीपायी आहे.

चुलीतला इंगळ

घरात किंवा शेकोटीपाशी बसून ओढायची असेल तर इंगळाला तोड नाही. त्याला ज्योत नसते, तो जागेवर बसून राहतो आणि झुरक्यागणिक धग देतो. खैर किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाचा इंगळ बराच वेळ टिकतो. शेणीचा निखारा मऊ आणि मंद असतो, पण लवकर राखेला येतो. अर्धवट जळालेलं लाकूड मात्र घेऊ नये, कारण त्याचा धूर तंबाखूची चव मारतो. चिमट्याने इंगळ उचलून चुलीच्या कडेवर हलकेच ठोकायचा, राख झाडून घ्यायची आणि चिलमीच्या तोंडाच्या निम्म्या रुंदीचा तुकडा मधोमध ठेवायचा. पहिले दोन झुरके सावकाश घ्यायचे. वरचा थर सगळीकडून लाल झाला की इंगळ काढला तरी चालतो.

रानातली चकमक

चूल सोबत नेता येत नाही. म्हणून काडेपेटी गावात पोचण्याआधी रानात, गुरांमागे किंवा घाटवाटेने जाणारा माणूस चकमक बाळगायचा: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस. गारगोटी इथे विकत घ्यावी लागत नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळात पोकळ्या असतात, त्यांत स्फटिक आणि अकीक तयार होतात, आणि कातळ झिजला की ओढ्यांच्या पात्रात येऊन पडतात.

काठिण्याच्या दहाच्या मापावर स्फटिक सातवर बसतो. त्याच्या धारेवर पोलाद आपटलं की दगड पोलादाचा अगदी बारीक कण खरवडून काढतो. घर्षणाने तो कण इतका तापतो की हवेत आपोआप पेट घेतो. म्हणजे ठिणगी दगडाची नसते, जळत्या लोखंडाची असते. नुसत्या दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या तर अंधारात उजेड चमकतो, पण त्याने कापूस धरत नाही.

ठिणगी इवलीशी असल्यामुळे ती झेलणारा पदार्थ फार हलका आणि कोरडा हवा. सावरीचा कापूस थोडा आधीच जाळून काळा केलेला असला की उत्तम. गारगोटीच्या धारेलगत अंगठ्याखाली कापूस दाबून धरायचा आणि पोलाद वरून खाली झाडायचं. कापसात लाल ठिपका दिसला की जोरात फुंकायचं नाही. मंद फुंकर घालत तो ठिपका पसरू द्यायचा आणि बोळा चिलमीवर ठेवायचा. ज्योत कुठेच नसल्यामुळे वारा इथे शत्रू होत नाही, उलट मदत करतो. शत्रू एकच, पाऊस. म्हणून कापूस घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा लागतो.

आजच्या लायटरमध्ये हीच चकमक दडलेली आहे, फक्त भूमिका उलट झाल्या आहेत. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये लोखंड आणि सीरियम यांचा मिश्रधातू तयार केला. सीरियम थोड्याशा उष्णतेनेही पेटतं. लायटरमधला ‘खडा’ याच मिश्रधातूचा असतो. दातेरी पोलादी चाक तो खरवडतं आणि ठिणग्या खड्याच्या उडतात. चकमकीत झिजायचं ते पोलाद, लायटरमध्ये झिजतो तो खडा. म्हणून काही महिन्यांनी खडा बदलावा लागतो, चाक नाही.

काडेपेटी

घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर यांनी १८२६ मध्ये शोधली आणि पुढच्या वर्षी विकायला काढली. ती ठाणे जिल्ह्यात बनायला लागली ती स्वीडिश भांडवलावर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विम्को कंपनीमुळे. मुरबाडच्या शेजारच्या अंबरनाथला तिचा कारखाना होता.

पाइपसाठी काडी अजूनही उत्तम मानतात, कारण लाकडाची ज्योत मऊ असते आणि आडवी धरता येते. नियम एकच: गूल पूर्ण जळून जाऊ द्यायचं. त्यात गंधक असतं आणि घाईने काडी वाटीवर नेली तर पहिल्या झुरक्याला त्याचा वास येतो. काडीचा दोष म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर गूल आणि पेटीची घासपट्टी दोन्ही ओलावा धरतात. घरी चुलीजवळच्या फळीवर ठेवून आणि बाहेर जाताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून काम भागतं, पण घाटातल्या वाऱ्यापुढे काडी टिकत नाही.

लायटरचे प्रकार

*मऊ ज्योतीचा गॅस लायटर.* टाकीत ब्युटेन द्रवरूपात असतो आणि साध्या तापमानाला त्याचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट असतो. झडप उघडली की त्याचा वायू होऊन बाहेर येतो. नेहमीच्या लायटरची ज्योत सरळ वर जाते. पाइपच्या वाटीवर तो उलटा कलला की ज्योत अंगठ्याकडे वळते. पाइपसाठी बनवलेल्या लायटरमध्ये ज्योतीचं तोंडच बाजूला वळवलेलं असतं. ज्योत पिवळी, एकसारखी, कमी-जास्त करता येणारी हवी आणि खाली गॅस भरायची झडप हवी. निवडायचा तो हाच.

*जेट लायटर.* यात गॅस हवेत आधीच मिसळतो, म्हणून निळी, टोकदार, सुसाट ज्योत निघते आणि वाऱ्याने हलत नाही. माळशेजच्या वळणावर उभं राहिल्यावर हाच घ्यावासा वाटतो. पण त्याची धग हजार अंशांच्या वर जाते. लाकडी पाइपची कड त्याने काळी पडून झडते. मातीची चिलीम जळत नाही, पण तिच्यातली तंबाखू पेटायच्या आधीच करपते. नाइलाजाने वापरलाच तर ज्योत उंच धरून क्षणभरच दाखवावी.

*पेट्रोलचा लायटर.* अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड गावात जॉर्ज ब्लेझडेल यांनी १९३३ मध्ये काढलेला झिपो हा यातला सर्वांत ओळखीचा. आत कापूस, वात आणि वातीभोवती भोकांचं धुराडं, त्यामुळे वाऱ्यात विझत नाही. त्याच्या पाइपसाठीच्या प्रकारात धुराड्याला बाजूने गोल भोक असतं. ते भोक वाटीवर टेकवून झुरका घेतला की ज्योत आत ओढली जाते. दोष दोन: पहिल्या झुरक्याला इंधनाचा वास येतो आणि न वापरताही इंधन उडून जातं. पंपावरचं गाडीचं पेट्रोल त्यात कधीही घालू नये. त्यात बेंझीन असतं आणि त्याचा धूर थेट छातीत जातो.

*विजेच्या ठिणगीचा लायटर.* याची ठिणगी दोन टोकांमध्येच राहते, वाटीत खाली उतरत नाही. पाइपसाठी निरुपयोगी.

गॅस लायटरमध्ये आणखी एक निवड असते, चाक की बटण? बटणाच्या लायटरमध्ये स्फटिकावर हातोडी आपटून वीज निर्माण होते. पावसाळी दमट हवेत ही ठिणगी भलतीकडेच निसटते आणि बिघाड झाला तर दुरुस्ती नाही. चाक भिजलं तरी कोरड्या फडक्यावर दोन-चार वेळा फिरवलं की पुन्हा ठिणगी देतं, आणि खडा संपला तर नवा बसवता येतो. इथल्या चार महिन्यांच्या पावसाला चाकच बरं. २०२३ च्या जूनपासून वीस रुपयांखालचे लायटर आयात करायला केंद्र सरकारने मनाई केली आहे. तरी स्वस्त घ्यायचा की महाग, यापेक्षा गॅस भरता येतो का आणि खडा बदलता येतो का, ते विकत घ्यायच्या आधी पाहून घ्यावं.

पेटवायची रीत

विस्तव कुठलाही असो, पाइप दोनदा पेटवावा लागतो. पहिल्यांदा ज्योत वाटीवर गोल फिरवत छोटे झुरके घ्यायचे. उष्णतेने तंबाखू फुगून वर येते आणि तिचा वरचा थर काळा पडतो. इथे थांबायचं. दाबणीने तो थर हलकेच खाली बसवायचा, दाबून घट्ट करायचा नाही. मग पुन्हा पेटवायचं. आता विस्तव सगळीकडून सारखा धरतो आणि पुढे वारंवार लायटर काढावा लागत नाही. पाइप हाताला चटका देऊ लागला तर आपण झुरके घाईने घेतोय, असं समजावं.

पाइप किंवा चिलीम सिगारेटपेक्षा निरुपद्रवी, हा समज मात्र खोटा आहे. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्यात एसटी स्थानकापासून हॉटेलापर्यंत सगळं येतं.

विझवायचं कसं

लायटर निवडताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि या भागात तो सर्वांत मोठा आहे. माघ-फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत तानसा अभयारण्यात आणि सिद्धगडाच्या उतारांवर सागाची पानगळ कुरकुरीत वाळलेली असते. गॅस लायटरची ज्योत बोट काढलं की विझते. चिलमीतला निखारा झटकला तर राखेखाली तासभर जिवंत राहू शकतो. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा जळता सोडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मना आहे.

म्हणून घरी असाल तर इंगळ घ्यावा, कारण चूल तिथेच आहे आणि राखही तिथेच राहते. बाहेर पडायचं असेल तर चाकाचा, मऊ आडव्या ज्योतीचा, पुन्हा भरता येणारा गॅस लायटर घ्यावा, आणि तो गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नये. रानात मात्र उन्हाळ्यात पाइप पिशवीतच राहू द्यावा. वाटेवर मोकळ्या मातीत तो ओढलाच, तर वाटी तिथेच रिकामी करून राखेवर पाणी ओतावं आणि बोट लावून ती गार झाली आहे याची खात्री करूनच पुढे निघावं.