नंबर लावून मिळणारी स्कूटर

वाळूज एमआयडीसीतल्या बजाजनगरात आज घरोघरी दुचाकी आहे. ज्या बजाज कंपनीचं नाव या वस्तीला मिळालं, तिची स्कूटर घ्यायला एके काळी लोक दहा-दहा वर्षं थांबत. लग्नात जावयाला द्यायची म्हणून मुलगी लहान असतानाच नंबर लावून ठेवणारी घरं होती. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्रात टंचाई शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हिशेबासाठी आकडे कल्पनेतले घेऊ. दहा जणांना स्कूटर हवी आहे. पहिला 14 हजारांपर्यंत द्यायला तयार आहे, दुसरा 13, तिसरा 12, असं एकेक हजाराने उतरत दहावा 5 हजार. हे दहा आकडे आलेखावर मांडले की मागणीचा वक्र तयार. कारखान्यातून मात्र वर्षाला चारच स्कूटरी निघतात आणि दुकानातली किंमत आहे 8 हजार. या किमतीला किती जण येतील? 14 पासून 8 पर्यंतचे सात. तिघे रिकाम्या हाताने परत जातात, नंबर लावून ठेवतात. पुढच्या वर्षीची नवी गिऱ्हाइकं त्यांच्या मागे उभी राहतात. यादी लांबते ती अशी.

आता किंमत 11 हजार करा. चारच गिऱ्हाइकं उरतात, स्कूटरीही चार. ही समतोल किंमत. पण 8 हजारांना विकताना मधले 3 हजार कुठे जात होते, हे नीट पाहायला हवं. काही भाग थांबण्यात जातो: तेवढी वर्षं बसची वाट पाहायची, सायकल मारायची. हा संधी खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. उरलेला भाग जातो नंबर आधी लागलेल्याच्या खिशात, कारण तो मिळालेली गाडी ब्लॅकने विकू शकतो. कारखान्याला त्यातला रुपयाही मिळत नाही.

विद्यार्थी इथे चटकन म्हणतात, मग किंमत वाढवायची! यादी संपेल, हे खरं. पण 8, 9 आणि 10 हजार देऊ शकणारे तिघे तरीही पायीच राहतील. एरवी चढी किंमत पाहून उत्पादक माल वाढवतो. त्या काळी ती वाट बंद होती, कारण किती गाड्या बनवायच्या हे परवान्याने ठरत असे आणि स्कूटरच्या वाटपावरही 1960 च्या सरकारी आदेशाचं नियंत्रण आलं होतं. किंमत कितीही चढली तरी पुरवठ्याची रेषा चारवर ताठ उभीच. म्हणून यादी संपणं आणि टंचाई संपणं या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि दुसरी जास्त महत्त्वाची.

बजाजची चेतक स्कूटर 1972 मध्ये बाजारात आली. कंपनीचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. नवा कारखाना म्हणजे जास्त गाड्या, म्हणून आपल्या हिशेबात चारच्या जागी सात लिहा. किंमत 8 हजारच ठेवली तरी सातही जणांना गाडी मिळते, ब्लॅकवाल्याचं काम उरत नाही. पुढे 1991 च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरचे परवाने उठवले. त्याआधीच मागणीही हलू लागली होती: 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 ही मोटरसायकल आली आणि स्कूटरला पर्याय मिळाला. पर्याय आला की त्याच किमतीला पूर्वीइतकी गिऱ्हाइकं येत नाहीत, अख्खा वक्रच डावीकडे सरकतो. बजाजने 2009 मध्ये स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं तेव्हा प्रतीक्षायादी केव्हाच इतिहासजमा झाली होती.

हाच हिशेब भाड्याच्या खोल्यांना लावून पाहा. कारखान्यांत भरती वाढली की बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी इथे खोली शोधणारे वाढतात. महिनाभरात खोल्या वाढत नाहीत, म्हणून भाडं चढतं. वर्ष-दोन वर्षांत घरमालक वर मजला चढवतो. आता भाडं कायद्याने गोठवलं, तर पहिल्या महिन्यात कोणाला खोली मिळेल आणि दोन वर्षांनी तो मजला चढेल का, ही दोन उत्तरं वेगवेगळी लिहा.